शिकवणाऱ्यांना शिकवायचं कसं? (रिसॉर्टवरचे नवे कामगार आणि आमच्या मावशी)

पानशेतकाठी

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलं म्हणून पहिला धागा काढतोय.

पानशेतच्या पाण्याजवळ आमचा छोटा रिसॉर्ट आहे. अठरा खोल्या, एक जेवणघर, बाहेर चुली. सोमवार ते गुरुवार शुकशुकाट, शुक्रवारी संध्याकाळपासून पुण्याच्या गाड्यांची रांग. कामाला आजूबाजूच्या वाड्यांवरची मुलंमुली. बहुतेकांनी हॉटेलची खोली आतून कधी पाहिलेली नसते.

खोल्यांचं काम एक मावशी बघतात. नऊ वर्षं आहेत. त्यांनी लावलेल्या खोलीत बोट ठेवायला जागा नसते. म्हणून नव्यांना त्यांच्या हाताखाली दिलं. दिवाळीपासून सात जण आले, पाच गेले. एक मुलगी तिसऱ्याच दिवशी रडत घरी गेली. मावशी म्हणतात, "आताच्या पोरींना कामाची हौसच नाय." मुली म्हणतात, "मावशी काय करतात ते कळत नाही, विचारलं की ओरडतात."

परवा मी स्वतः शेजारी उभा राहिलो. मावशींनी चादर झटकली, दोन्ही हातांनी काहीतरी केलं, कोपरा तयार. "बघितलंस ना? कर आता." मीही बघत होतो. मलाही काही कळलं नव्हतं.

तर प्रश्न असा. नव्यांना कसं शिकवायचं हे नंतर. आधी मावशींना शिकवायला कसं शिकवायचं? बाहेरचा ट्रेनर आणून बघितला, तो दोन दिवस प्रोजेक्टरवर हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून गेला.

शनिवारपेठी

पुण्यापासून इतक्या जवळ राहून पाहुण्यांची सरबराई शिकवताय? धाडस आहे तुमचं. (हलकेच घ्या.)

कोथरूडचा_गणपा

आधी गिऱ्हाइकांसाठी वर्ग काढा. धडा पहिला : टॉवेल घरी न्यायचे नसतात.

चादरवाली

चौदा वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढली, त्यातली शेवटची सहा शिकवण्यात. तुमच्या मावशींची काही चूक नाही. ज्याला काम येतं त्याला त्यातल्या पायऱ्या दिसेनाशा होतात. आईला विचारा आमटीत मीठ किती. "अंदाजानं" म्हणेल, आणि ती खोटं बोलत नसते.

तो कोपरा सांगते. चादर पायथ्याशी गादीखाली सारायची. मग कोपऱ्यापासून साधारण दीड वीत अंतरावर बाजूची कड धरून वर उचलायची आणि गादीवर टाकायची, त्रिकोण होतो. खाली लोंबणारा भाग गादीखाली सारायचा. मग त्रिकोण खाली ओढून तोही आत. इतकंच. पण यात एक मेख आहे : त्रिकोण खाली आणताना दुसऱ्या हाताचा तळवा गादीच्या कडेला दाबून ठेवावा लागतो. नाहीतर घडी सैल पडते आणि रात्री पाहुण्याने पाय ताणले की चादर गळ्याशी.

ही मेख मला कोणी सांगितली नाही. दोन महिने माझे कोपरे सुटायचे आणि सुपरवायझर रोज म्हणायची, "लक्ष कुठे असतं तुझं?"

रिटायर्ड_टूलरूम

चादरवालीताई, तुम्ही "मेख" म्हणालात त्याला आमच्या कारखान्यात "की पॉइंट" म्हणायचे. पिंपरीला टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

अमेरिकेत १९४० साली, युद्ध तोंडावर आलेलं असताना, हाच प्रश्न आला. लष्करी उपकरणांची भिंगं घासणारे निष्णात कारागीर मोजकेच, आणि एक तयार व्हायला काही वर्षं लागायची. मग त्यांनी ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणून उपक्रम काढला. पद्धतीचं मूळ त्याच्याही आधीचं. पहिल्या महायुद्धात जहाजं बांधायला नवखी माणसं घ्यावी लागली, तेव्हा चार्ल्स ॲलन यांनी चार पायऱ्या बसवल्या होत्या. पुढे टोयोटानेही ही पद्धत उचलली.

गंमत म्हणजे त्या वर्गात कामगार नसायचेच. मुकादम, चार्जहँड, म्हणजे तुमच्या मावशी. दहा जणांचा गट, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. एकूण दहा तास. दहा तासांत एकच गोष्ट शिकवायचे : आपल्याला येणारं काम दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं.

पहिल्याच बैठकीत एक प्रयोग असे. विजेच्या होल्डरमध्ये वायर ताणली जाऊ नये म्हणून आत एक गाठ मारतात. शिक्षक ती गाठ एकाला फक्त तोंडी सांगतो : "डावं टोक उजव्याच्या मागून घे, मग..." त्याला जमत नाही. मग दुसऱ्याला एक शब्द न बोलता नुसती मारून दाखवतो. त्यालाही जमत नाही. (मावशींची "बघितलंस ना?" ही यातली दुसरी तऱ्हा.) मग तिसऱ्याला नीट शिकवतो. आम्हीही चिंचवडच्या वर्गात हा प्रयोग केला होता. पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला फिटर ती गाठ मारताना घामाघूम झाला, आणि त्या दिवसापासून त्याने पोरांना "ढ" म्हणणं सोडलं.

चार पायऱ्या अशा. माणसाला आधी मोकळं करा, त्याला काय येतं ते विचारा. मग एकेक टप्पा दाखवा, सांगा, मेख सांगा, ती का तेही सांगा. मग त्याच्याकडून करून घ्या, आणि करताना त्यालाच बोलायला लावा. शेवटी त्याला एकटं सोडा, पण अडलं तर कोणाकडे जायचं ते सांगून आणि अधूनमधून डोकावत. भिंतीवर पाटी असे : कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही.

शनिवारपेठी

ही पाटी पुण्यातल्या सर्व शाळांत लावावी, खाली "दुपारी १ ते ४ बंद" असं लिहून.

डेक्कनचा_म्यानेजर

टूलरूमकाका, आदर आहे पण पटलं नाही. लेथ रागावत नाही, पाहुणा रागावतो. रविवारी सकाळी साडेनऊला गरम पाणी गेलेलं असतं, गृहस्थ टॉवेल गुंडाळून दारात उभे, आणि समोर काल लागलेला वीस वर्षांचा मुलगा. याच्या कुठल्या चार पायऱ्या? माझ्या अनुभवाने माणसात मुळात गोडवा असावा लागतो. नसेल तर त्याला भांड्यांवर ठेवावं.

रिटायर्ड_टूलरूम

गोडव्याचं माहीत नाही. पण टॉवेलवाल्या गृहस्थांसमोर त्या मुलाने नेमकं काय करायचं हे तुम्ही त्याला आधी सांगितलं होतं का? की "गेस्टशी नीट वाग" एवढंच?

डेक्कनचा_म्यानेजर

...एवढंच.

चादरवाली

म्यानेजरसाहेब, प्रामाणिकपणाबद्दल चहा लागू.

आम्ही हे नाटक करून शिकवायचो. एकाने पाहुणा व्हायचं, रागवायचं. नव्याने आधी पूर्ण ऐकायचं, मध्ये "पण सर" म्हणायचं नाही. मग "दहा मिनिटांत बादली आणतो" असं जमेल तेच कबूल करायचं. "बघतो" हा शब्द बंद. आणि दहा मिनिटांनी पाणी आलं नसलं तरी परत दारात जायचं. यातली मेख हे परत जाणं, कारण नेमकं तेच कोणी करत नाही. रागीट पाहुण्याचं काम आमचे वॉचमनकाका करायचे. इतकं छान करायचे की एका मुलीने खरंच माफी मागून त्यांना स्वतःचा डबा दिला.

भोरचा_पोऱ्या

मी दुसऱ्या बाजूने सांगतो. बारावीनंतर भोरहून येऊन पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात वेटर लागलो, नाव घेत नाही. आमचा कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम, कामाला वाघ होता. तीन प्लेटा एका हातावर, पाण्याचा थेंब सांडायचा नाही. शिकवायची पद्धत एकच, सगळ्यांसमोर ओरडायचा. "लेफ्ट! लेफ्ट बोला ना!" मला लेफ्ट म्हणजे डावा हे माहीत होतं हो, पण कोणाचा डावा? माझा का पाहुण्याचा? हे विचारायची हिंमत झाली नाही. आठ दिवस निम्म्या वेळा चुकीच्या बाजूने वाढलं.

पुढे एका जुन्या आचाऱ्याने सांगितलं. भांड्यातून वाढायचं असेल तर पाहुण्याच्या डावीकडून, कारण तुझा चमच्याचा उजवा हात मग ताटाच्या बाजूला मोकळा राहतो. पाणी उजवीकडून, कारण ग्लास त्याच्या उजव्या हाताला असतो. एका मिनिटाचं काम. "का" कळल्यावर परत कधी चुकलो नाही.

आता त्याच्या पुढची गोष्ट. तीन वर्षांनी मलाच म्हणाले, नवी पोरं तू शिकव. पगार तोच. वर माझी खिडकीकडची टेबलं दुसऱ्याला, कारण "तू ट्रेनिंगमध्ये आहेस." म्हणजे टिप गेली. मी काय केलं असेल? पोरांना दोन दिवसांत "येतंय यांना" म्हणून मोकळं केलं आणि टेबलं परत घेतली. आज लाज वाटते, पण तेव्हा खोलीभाडं भरायचं होतं.

पानशेतकाठी दादा, मावशींना शिकवायच्या दिवशी खोल्या तेवढ्याच असतात का?

पानशेतकाठी

तेवढ्याच. शनिवारी नऊ. आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

भोरचा_पोऱ्या

मग ओरडणार नाही तर काय करतील.

भाकरीभाजी

धाग्यात "अकुशल कामगार" हा शब्द कोणी वापरला नाही म्हणून बरं वाटलं. मी आमच्या बचतगटाबरोबर गडाच्या पायथ्याला जेवण करते. किमान वेतनाच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे रकाने असतात, आणि आमच्या बायका कागदावर पहिल्या रकान्यात. रविवारी दीडशे माणसांची पिठलं-भाकरी चुलीवर, एक भाकरी करपत नाही, एक कच्ची राहत नाही. हॉटेल मॅनेजमेंटवाल्या मुलाला एकदा परातीपुढे बसवलं होतं. त्याची भाकरी बघून आमच्या म्हातारीने विचारलं, "ह्यो महाराष्ट्राचा नकाशा का?"

सांगायचं काय, शिकवणाऱ्याने पहिल्यांदा "तुला काय येतं" हे विचारावं. काकांच्या पहिल्या पायरीत ते आलंच आहे, पण नेमकं तेच गाळलं जातं. जिला घर सारवता येतं, तिला कोपऱ्याकडून दाराकडे पुसत यायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. "सारवतेस तसंच" म्हटलं की झालं.

गडभटक्या

गडाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड. आता गावातल्या पोरांना गाइड म्हणून तयार करायची घाई सुरू आहे. परवा एका गडावर एक पोरगा प्रत्येक टाक्याजवळ एकच वाक्य म्हणत होता, "इथे राण्या आंघोळ करायच्या." मी विचारलं, कोणी सांगितलं? "दादांनी." दादांना कोणी? त्यांच्या दादांनी.

शिकवणाऱ्यालाच चुकीचं येत असेल तर चार पायऱ्यांनी चूक पक्की बसेल, एवढंच.

कोथरूडचा_गणपा

सिंहगड यादीत नाही ही माझी भळभळती जखम आहे. मडक्यातल्या दह्याला तरी वारसा जाहीर करा.

गडभटक्या

@गणपा, +१००. दह्यावर वेगळा धागा काढा.

फाइलबहाद्दर

सरकारी बाजू मी सांगतो, खात्यात होतो. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची "हुनर से रोजगार तक" योजना २००९-१० पासूनची. आठवी पास, १८ वर्षांवरचे, शिकणाऱ्याला फुकट. सुरुवात स्वयंपाक आणि वाढपाच्या सहा-आठ आठवड्यांच्या कोर्सनी झाली, नंतर बाकीची कामं आली. हे सगळं नव्या माणसासाठी. शिकवणाऱ्यांसाठी आयटीआयच्या निदेशकांचा वर्षभराचा कोर्स असतो, पण मावशी वर्षभर जाणार आहेत का?

तुम्हाला उपयोगी पडेल असं एक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा फॉस्टॅक नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्या दर २५ माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा आणि त्याने बाकीच्यांना शिकवावं, अशी कल्पना. म्हणजे हा धागाच. तुमच्या जेवणघरातल्या एकाला पाठवा.

डेक्कनचा_म्यानेजर

आमच्याकडे एक जण असा जाऊन आला. प्रमाणपत्र काचेत लावलं, शिकवणं शून्य. "५ ते ६० अंशांमध्ये अन्न ठेवायचं नाही" हे त्याला पाठ होतं, पण पोरांना कसं सांगायचं ते येत नव्हतं. शेवटी आमच्या आचाऱ्याने एका वाटीत मिसळीचा रस्सा फ्रिजमध्ये ठेवला, दुसरी ओट्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही वाट्या पोरांच्या नाकाखाली. अंश कोणाला आठवत नसतील, वास आठवतो.

टूलरूमकाका_फॅन_क्लब

हा आयडी आत्ताच काढला.

मोबाइल_मास्तर

मावशींना लिहिता-वाचता येतं का? बऱ्याच ठिकाणी तिथेच गाडं अडतं. कागदावर रकाने करायला सांगितलं की माणूस गप्प होतो.

आमच्याकडे (लोणावळ्याकडे, पावसाळ्यात तोबा गर्दी) आम्ही फोटो वापरतो. काम करणाऱ्याच्या डोक्यामागून काढलेले, समोरून नाही, म्हणजे डावं-उजवं उलटं होत नाही. प्रत्येक टप्प्याचा एक फोटो आणि खाली मावशींच्याच आवाजातला वीस सेकंदांचा निरोप. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, नाव "चकाचक". नवी मुलगी रात्री घरी ऐकते.

बाटल्यांचंही तसंच. लेबल इंग्रजीत, त्यामुळे रंगाच्या चिकटपट्ट्या. लाल पट्टी, लाल फडकं, फक्त संडास. आणि एक गोष्ट अनुभवाने शिकवायची नाही, आधीच ठणकावून सांगायची : ब्लीच आणि संडासाचं ॲसिड एकत्र करायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. आमच्याकडे एका मुलाने "दोन्ही घातलं की डबल साफ" म्हणून केलं होतं. दार उघडं होतं म्हणून निभावलं, तरी दिवसभर खोकत होता. शिकवणाऱ्याने त्याला दोन्ही बाटल्या दाखवल्या होत्या, फक्त "एकत्र नको" हे राहिलं. त्याला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असतं.

चादरवाली

"सगळ्यांना माहीतच असतं". माझ्या आख्ख्या नोकरीतले अपघात या तीन शब्दांत बसतील.

पानशेतकाठी

तीन आठवड्यांनी परत येतोय. धागा खाली गेला होता, वर काढल्याबद्दल क्षमस्व.

मंगळवार पकडला, रिसॉर्ट रिकामा. मावशींना म्हटलं, नव्या पोरींना राहू द्या, आधी मला शिकवा. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावला. "मालक चादरी घालनार व्हय?" मी खरंच घातल्या. पहिला कोपरा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्या वेळी मावशी म्हणायला लागल्या, "अवो असं न्हाय, गुडघा लावा." मी म्हटलं, कुठला गुडघा? त्या थांबल्या. स्वतः करून बघितलं. चादरवालीताईंचा तळवा जे काम करतो ते आमच्या मावशी उजव्या गुडघ्याने करतात, गादीला टेकवून. नऊ वर्षं करतायत आणि त्यांना पत्ताच नव्हता. स्वतःच्या गुडघ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

मग आम्ही दोघांनी बसून आख्खी खोली फोडली. लिहायचं मी, सांगायचं त्यांनी. बेचाळीस टप्पे निघाले, त्यातल्या मेखा अकरा. मोबाइल मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे फोटो डोक्यामागून घेतले. आवाज द्यायला मावशी आधी तयार नव्हत्या. आता रोज एक नवा निरोप टाकतात, काल एक फक्त "बादली जागेवर ठेवा ग बायांनो" एवढाच होता.

भोरच्या दादाचं ऐकून शिकवायच्या दिवशी त्यांच्या खोल्या नऊवरून पाच केल्या आणि शिकवायचे वेगळे पैसे लावले. "शिकवायचं कुठं पैसं घेत्यात का?" म्हणाल्या. महिनाअखेरीला पाकीट मात्र मोजून घेतलं.

नव्या दोघींपैकी एक तयार झाली आहे. एकटीने खोली लावते, पस्तीस मिनिटं लागतात, पण कोपरे सुटत नाहीत. दुसरी गेली. शिकवण्यामुळे नाही, तिची संध्याकाळची एसटी बंद झाली आणि अंधारात पाच किलोमीटर चालत जावं लागायचं. त्यावर टूलरूमकाकांकडे पायऱ्या असतील तर सांगा.

गरम पाण्याचं नाटकही केलं. रागीट पाहुणा मी झालो होतो. मावशी म्हणाल्या, रोजचंच तर आहे, यात नाटक काय.

रिटायर्ड_टूलरूम

एसटीच्या दाराला असतात तेवढ्याच पायऱ्या मला माहीत. मुलीच्या वाडीवरून कोणी दूधवाला येत असेल तर विचारून बघा.

बाकी गुडघ्याचं वाचून फार बरं वाटलं. माझ्या त्या फिटरची आठवण झाली.

चादरवाली

बेचाळीस टप्पे एका दिवशी शिकवू नका हं. पलंग एक दिवस, न्हाणीघर दुसऱ्या दिवशी. आणि अकरा मेखांची यादी इथे टाका ना, मला गुडघा माहीत नव्हता.

पानशेतकाठी

टाकतो. मावशींना विचारून. त्या म्हणतात नाव खाली लिहायचं.

कोथरूडचा_गणपा

चार खोल्या कमी भरल्या तर बुकिंगला सूट आहे का?

पानशेतकाठी

आहे. टॉवेल मोजून देतो.